सोळाव्या वर्षाची रेघ आणि सातचा भोंगा

२०२६ च्या जानेवारीत आपले माहिती-तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी सांगितले की, ऑस्ट्रेलियाप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमे बंद करता येतील का, याचा गोवा सरकार विचार करीत आहे. माझ्या ओळखीतल्या बहुतेक आईबापांनी ही बातमी वाचून सुटकेचा श्वास सोडला. "बरे झाले, आता सरकारच काय ते बघेल," असा एकूण सूर होता. (बातमी वाचली व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पुढे ढकलली तीही व्हॉट्सअ‍ॅपवर, हे वेगळे सांगायला नको.) आंध्र आणि कर्नाटक या राज्यांतही त्याच सुमारास असाच विचार पुढे आला.

मला या विचाराविषयी शंका आहे. पण ती, गोव्यातले शिकलेसवरले लोक सरकारच्या कुठल्याही गोष्टीविषयी व्यक्त करतात त्या छापाची नाही. मुलांसाठी कुठेतरी रेघ हवी हे मला मान्य आहे. ती कुणासमोर ओढायची, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न पणजीपेक्षा बेळगांवच्या टिळकवाडीत बसून जास्त स्पष्ट दिसतो.

टिळकवाडी आपल्याला परकी नाही. चोर्ल्याचा घाट चढून इस्पितळाला, लग्नाच्या खरेदीला, मुलाच्या कॉलेजप्रवेशाला बेळगांवी जाणे हे गोमंतकीय घराचे जुने वळण. मुक्तीपूर्वी गोव्यातल्या कित्येक चळवळ्यांना बेळगांवनेच आसरा दिला. आजही पुष्कळ गोवेकरांची सोयरीक काँग्रेस रोडच्या अल्याडपल्याड आहे, माझीही आहे. त्या रस्त्याला काँग्रेस रोड का म्हणतात, तर १९२४ साली गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव काँग्रेस अधिवेशन इथे भरले म्हणून. त्या वेळी खणलेली विहीर अजून टिळकवाडीत आहे. रेल्वेची पहिली, दुसरी, तिसरी फाटके, आर.पी.डी. कॉलेज, लेले मैदान, व्हॅक्सिन डेपोची झाडे: निवृत्त मास्तर, वकील, बँकेतले लोक आणि त्यांची नातवंडे यांची ही वसाहत.

अशा घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे पाहा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कानडी. बाप कामाला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, शनिवारी रात्री घरी. त्याच्या फोनमध्ये गोव्याचे सिमकार्ड. आईचा नंबर कर्नाटकातला. काकाने कोल्हापुरात असताना घेतलेला जुना फोन आता मुलांच्या 'अभ्यासासाठी' दिलेला, त्यात महाराष्ट्राचे सिम. मे महिन्यात हा मुलगा आजोळी म्हापशाला येतो आणि दिवाळीत निपाणीला आत्याकडे जातो. तिथून दूधगंगा ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. आता या मुलाला गोव्याचा कायदा लागू, कर्नाटकाचा, की महाराष्ट्राचा? १९५६ पासून ज्या रेघेवर आंदोलने झाली, आयोग नेमले गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गेला, ती रेघ इन्स्टाग्रामला दिसतसुद्धा नाही. आपल्या राज्यघटनेतही टपाल, तार, दूरध्वनी आणि तशी दळणवळणाची साधने केंद्राच्या सूचीत आहेत. राज्याने आपल्यापुरता कायदा केला तरी तो चोर्ल्याच्या वळणावर संपणार.

म्हणून 'गोवा पहिला' होण्याच्या शर्यतीत मला रस नाही. त्यापेक्षा या भागात प्रत्यक्ष काय घडले आहे ते बघू.

टिळकवाडीपासून थोड्याच अंतरावर हलगा हे गाव आहे. सुवर्णसौध उभा आहे त्याच्या शेजारचे. हलग्याच्या ग्रामपंचायतीने संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की नऊपर्यंत घरातला टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. कल्पना त्यांची स्वतःची नव्हे, सांगली जिल्ह्यातली. तिथे कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे पडदे मिटू लागले. कोविडात शाळा बंद पडल्या, मुलांच्या हातात फोन आला, शाळा उघडल्या तरी तो हातातून सुटेना, अशी मास्तरांची तक्रार होती. तिच्यातून हे निघाले. आधी गावातल्या बायकांशी बोलणे झाले, कारण सातची वेळ म्हणजे मालिकांची वेळ. त्यांनी होकार दिला नसता तर भोंगा देवळावरच गंजला असता.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने दुसरा ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी. मोडल्यास दोनशे रुपये दंड.

दोन्ही ठराव काळजीपोटीच झाले. पण त्यांच्यात एक फरक आहे आणि माझ्या मते सगळे काही त्या फरकात आहे. बांशीचा नियम मुलांसाठी होता. वडगावचा आणि हलग्याचा नियम घरासाठी होता. सात वाजता आजोबांच्या बातम्या बंद, आईची मालिका बंद, बापाचे क्रिकेट बंद. मूल पुस्तक घेऊन बसते तेव्हा समोर फोनच्या उजेडात न्हालेला बाप बसलेला नसतो. आपल्या लेकरांना आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो ते ती पाहतात, हे आपल्याकडे कुणालाच नवीन नाही, पण त्यावरून नियम बनवणारी गावे मात्र फार थोडी.

आता दुसरी गोष्ट सांगतो, जी आपण सगळे विसरलो आहोत. भारतात मुलांच्या इंटरनेटवर वयाचा नियम याआधीच एकदा होऊन गेला आहे. तोसुद्धा बऱ्यापैकी शहाणा.

या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगांवात काय, मडगांवात काय, कॉलेजच्या वाटेवर सायबर कॅफे असत. प्लायवुडची खुराडी, गुणगुणणारे मॉनिटर, काउंटरवर वही. तासाचे पैसे मोजून मुले दहावीचा निकाल बघायला येत आणि निकालाव्यतिरिक्त पुष्कळ काही बघून जात. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली या कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाला बसू द्यायचे नाही. अल्पवयीन मुलाजवळ ओळखपत्र नसेल तर ते असलेला मोठा माणूस सोबत हवा. खुराड्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको. खुराड्यात मूल एकटे बसवायचे नाही, पालक सोबत असेल तरच. बाकीच्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. आणि कोण कधी बसले याची नोंद निदान एक वर्ष जपायची.

साडेचार फूट! हा आकडा मला फार आवडतो. कुणीतरी बाबू कचेरीत बसून फुटपट्टी घेऊन विचार करीत होता की, मूल खुर्चीवर बसले असताना मालकाला त्याचे डोके दिसले पाहिजे. त्या नियमात मुलाला शिक्षा नव्हती, आईबापांना दंड नव्हता. जबाबदारी होती दुकानदाराची. धंदा तुझा, नफा तुझा, तर तुझ्या दुकानात आलेल्या मुलावर लक्ष ठेवण्याचे कामही तुझे. दारूच्या दुकानाचे, सिनेमाच्या थिएटरचे जे तत्त्व तेच इथले.

नियम पाळले किती गेले हा भाग निराळा. रजिस्टर भरायला कंटाळलेले मालक मी पाहिले आहेत. पण नियम मोडीत निघाले ते त्यामुळे नव्हे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कॅफे झपाट्याने संपत गेले. त्या जागी झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जची दुकाने झाली. मग २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांनी तोवर मुलाला फोन दिला नव्हता त्यांनीही तो स्वतःहून दिला, कारण वर्ग त्यात भरत होता. खुराडे आता मुलाच्या पांघरुणात आहे. दुकानदार राहतो कॅलिफोर्नियात. त्याला मुलाचे डोके दिसत नाही असे मात्र समजू नका. मूल कोणत्या चित्रावर किती सेकंद थांबले इथपर्यंत त्याला दिसते. साडेचार फुटांची भिंत आता उलटी झाली आहे. पलीकडून सगळे दिसते, आपल्या बाजूने काहीच नाही.

ग्रामीण भारताच्या शिक्षणाचा 'असर' अहवाल दरवेळी मुलांना वाचता किती येते यासाठी गाजतो. त्याच्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना फोनविषयीही विचारले होते. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. आणि समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खाजगी कसे ठेवायचे हे ठाऊक असलेली केवळ ५५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले दार सताड उघडे टाकून बसलेली. बंदी येईल तेव्हा येईल, कडी कशी लावायची हे शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने काय केले हेही नीट वाचले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याचे भाषांतर 'मुलांवर बंदी' असे झाले आहे. तिथला कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ ला लागू झाला. सोळा वर्षांखालच्या मुलाचे खाते असता कामा नये ही जबाबदारी फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा दहा मंचांवर आहे. दंड त्यांना, चार कोटी पंच्याण्णव लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आईबापांना काहीही शिक्षा नाही. म्हणजे हा आपल्या सायबर कॅफेच्याच जातीचा नियम. महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तिथल्या नियामकाने सांगितले. मुलांनी वाटा शोधल्याच असतील. मुले ती, शोधणारच. पण दुकानदाराला वही उघडावी लागली, हे थोडे नाही.

त्या कायद्याच्या त्रुटीही आहेत. व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपाची साधने आणि मुले एकमेकांशी बोलत खेळतात ते खेळ त्यातून वगळले गेले. आणि मुलांची शिकार होते ती बहुतांशी अशाच कोपऱ्यांत.

कशी होते ते माहीत असावे म्हणून लिहितो. खेळात ओळख होते. समोरचा आपण पंधरा वर्षांचे असल्याचे सांगतो. तो स्तुती करतो, ऐकून घेतो, आईबाप कसे कटकट करतात यावर सहमत होतो. मग म्हणतो, इथे नको, तिकडे बोलू. मग एक गुपित ठेवायला सांगतो, अगदी साधे. मग फोटो. आणि फोटो गेला की दुसऱ्याच दिवसापासून भाषा बदलते. या साखळीत मुलाला बाहेर काढणारी एकच कडी असते: घरातल्या मोठ्या माणसाला सांगणे. आणि मुले नेमके तेच करीत नाहीत, कारण सांगितले की पहिली शिक्षा ठरलेली असते. फोन काढून घेणार. मुलगी असेल तर फोन जातो, क्लास सुटतो, मैत्रिणींकडे जाणे बंद होते, आणि एखाद्या घरात स्थळे बघायची भाषासुद्धा सुरू होते.

बंदीच्या कायद्याविषयी माझी खरी भीती इथे आहे. उद्या चौदा वर्षांच्या मुलीने अठरा वर्षे वय सांगून खाते उघडले आणि तिला कुणी छळू लागले, तर ती सांगेल का? आज तिला बापाची भीती आहे. उद्या आपण कायदा मोडला ही भीती वर चढेल. छळणाऱ्याला आणखी एक हत्यार मिळेल: "तूच गुन्हा केला आहेस." म्हणून गोव्याने असो, केंद्राने असो, जो कायदा करायचा तो करा, पण त्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा की वय खोटे सांगितलेल्या मुलाला कसलीही शिक्षा होणार नाही, आणि तक्रार करायला आलेल्या मुलाला ते विचारलेही जाणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचे नाव गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. हे घराघरात माहीत नाही. फ्रीजवर दूधवाल्याचा नंबर असतो, गॅसवाल्याचा असतो. हे दोन नसतात.

आपल्या देशात कायद्याचा पाया घातला गेला आहे, हे बंदीच्या चर्चेत कुणी बोलत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मूल म्हणजे अठराखालचे असे मानतो. त्याची माहिती वापरायची तर पालकाची पडताळलेली संमती लागेल. मुलाचा माग काढायचा नाही, त्याच्यावर नेमून जाहिराती सोडायच्या नाहीत. चुकल्यास दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ही कलमे लागू करायला कंपन्यांना अठरा महिने दिले गेले, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. जग ज्या तेरा वर्षांच्या अटीवर पंचवीस वर्षे चालले, तो आकडाही काही बालमानसशास्त्राने दिलेला नव्हता. अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्याने तेराखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करू नका म्हटले, आणि कंपन्यांनी विचारण्याची कटकटच नको म्हणून 'तेरा वर्षे पूर्ण' अशी पाटी लावून टाकली. खाली एक चौकोन, त्यात टिचकी मारायची. आमच्या भुरग्यांना ती टिचकी दहाव्या वर्षी येते.

या २०२३ च्या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की टिळकवाडीतल्या माणसाने ती मोठ्याने वाचावी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीला द्यावी लागेल. सीमाभागात मराठीत कागदपत्रे मिळावीत म्हणून दोन-तीन पिढ्यांनी निवेदने दिली, मोर्चे काढले. सातबाराचा उतारा मराठीत मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आजीला, नातीचा फोटो कोण कशासाठी वापरणार हे मात्र मराठीत विचारणे कंपनीला भाग पडेल. (आणि म्हापशातल्या आजीला कोंकणीत. यावर आपल्याकडे कोणता वाद सुरू होईल, याची मला कल्पना आहे. असो.) पण हक्क कागदावर असणे आणि सूचना कळेल अशा मराठीत असणे यांत अंतर आहे. कंपन्यांची मराठी भाषांतरे आपण पाहतोच. ती वाचण्यापेक्षा इंग्रजी परवडते. शिवाय खुद्द तक्रारीचे काय? मुलाला कुणी बेळगांवच्या, कानडीच्या हेलातल्या मराठीत घाणेरडे लिहिले, तेही रोमन लिपीत, तर ते ओळखणारे यंत्र त्यांच्याकडे आहे का? वयाची रेघ ओढणे सोपे, आपल्या बोलीतली शिवी ओळखणे कठीण. कंपन्यांना आवडेल ते सोपे काम.

वय पडताळायचे तर सगळ्यांचेच पडताळावे लागते, हीही अडचण आहे. मूल कोण हे कळण्यासाठी मोठा कोण हे सिद्ध करावे लागणार, म्हणजे आधार किंवा डिजिलॉकर कुठल्या तरी स्वरूपात मध्ये येणार. मी तो व्यवहार नाखुशीने मान्य करीन, पण ओळखपत्राची प्रत कंपनीच्या हाती जाता कामा नये. 'सोळाच्या वर आहे' एवढेच उत्तर तिला मिळावे.

२०१९ च्या सप्टेंबरात बेळगांवजवळच्या काकतीत एका मुलाने बापाचा खून केला. मोबाईलवरच्या पबजी खेळावरून भांडण झाले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. बेळगांवात अजून तो विषय निघाला की आवाज खाली येतो आणि लगेच कुणीतरी म्हणते, म्हणूनच कायदा हवा. तो मुलगा एकवीस वर्षांचा होता. सोळाची काय, अठराचीही रेघ त्याच्यापर्यंत पोचली नसती. एका भयंकर घटनेवरून कायदा मागू नये, कारण अशा घटनेत घराच्या आत काय काय साचलेले असते ते बाहेरच्याला कळत नाही. मी ती इथे आणली ती एवढ्याच साठी की वयाचा आकडा म्हणजे मंतरलेला दोरा नव्हे.

आणि टिळकवाडीत बसून वयाच्या कायद्यावर बोलायचे तर टिळकांना वगळता येत नाही. वसाहत त्यांच्या नावाची. होमरूल लीगही त्यांनी १९१६ साली याच गावात स्थापन केली. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. १८६० च्या दंडसंहितेने मुलीचे संमतीचे वय दहा ठेवले होते, ते विवाहितेलाही बारा केले गेले. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, समाज स्वतः सुधारेल, असे त्यांचे म्हणणे. आगरकर दुसऱ्या बाजूला. या वादात टिळक चुकले असे मला वाटते. दहा-अकरा वर्षांच्या मुलींना समाज सुधारेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. जिथे मूल सापडले आहे आणि मोठ्यांचा नफा किंवा सोय त्यात गुंतली आहे, तिथे कायदा लागतोच. 'पालकांनीच लक्ष द्यावे' असे आज कंपन्या म्हणतात तेव्हा मला तो जुनाच युक्तिवाद ऐकू येतो, फक्त वक्ता बदललेला.

पण टिळकांच्या त्या भूमिकेचा अर्धा भाग आपण विसरतो. त्यांनी १८९० साली सुधारकांपुढे एक प्रतिज्ञापत्र ठेवले होते. मुलीचे लग्न सोळाच्या आत करणार नाही, मुलाचे विसाच्या आत करणार नाही, अशी त्यात कलमे होती. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी आपल्याला बांधून घ्यावे, अशी मागणी. त्यात डावपेचही होता, हे उघड आहे. पण मागणी चुकीची नव्हती. मोहित्यांच्या वडगावाने भोंगा वाजवला तो याच मुद्द्यावर: नियम मागणाऱ्याने आधी आपला टीव्ही बंद करावा.

आपले प्रतिज्ञापत्र काय असेल? मी सुरुवात मुलांच्या फोटोंपासून करीन. फोनवर कधी बोट न लावलेल्या बाळाचे बारशाचे, अंघोळीचे, शाळेच्या गणवेशातले, शाळेच्या नावासकटचे फोटो आपण स्वतः जगाला वाटतो. चतुर्थीला आजी-आजोबांच्या स्टेटसवर नातवंडांचा पूर्ण अल्बम असतो. मूल सोळाचे होऊन आपले पहिले खाते उघडेल तेव्हा त्याच्या नावावर सोळा वर्षांचा साठा आधीच जमलेला असेल, आणि तो त्याने घातलेला नसेल. फ्रान्सने २०२४ साली मुलांच्या छायाचित्रांवरचा त्यांचा हक्क जपण्याची जबाबदारी कायद्याने आईबापांवर टाकली. आपल्याकडे निदान मुलाला विचारून फोटो टाकावा. सहा वर्षांचे मूलही 'नको' म्हणू शकते. विचारून बघा, बऱ्याचदा म्हणते.

टिळकवाडीला ग्रामपंचायत नाही, देवळावरचा भोंगा तिथे कुणी ऐकून घेणार नाही, आणि शेजारच्याला टीव्ही बंद करा म्हणण्याचे धाडस वसाहतीत कुणाला होत नाही. म्हणून मी ज्या घरी उतरतो तिथे त्यांनी घरापुरता भोंगा केला आहे. स्वयंपाकघरात फळीवर एक जुना स्टीलचा डबा; रात्री साडेआठला सगळे फोन त्यात, चार्जर बाहेर. पाहुण्यांचाही. पहिल्या आठवड्यात तक्रार मुलांची नव्हती. घरचे यजमान म्हणत होते की त्यांचे कामाचे निरोप रात्रीच येतात. पुतणीने डबा उघडून त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "काका, कोणता निरोप ते वाचून दाखवा." वाचण्यासारखा एकही नव्हता.